पांढरी बांगडी

देवकाआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि गॅसची नळी बघायची. पाणी नंतर, खुशाली नंतर. शेगडीच्या मागे हात घालून ती नळी बोटांत धरायची, जराशी वाकवायची, वाकवल्या जागी बारीक भेगा दिसतात का ते डोळे किलकिले करून पाहायची, आणि मग नळी जिथे सिलिंडरला लागते तिथे नाक न्यायची. घरातली बाई नवखी असली तर तिला वाटायचं, ही आपल्या ओट्याखालचा कचरा शोधते आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

आम्ही शास्त्रीनगरात खोली घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ताकाचा तांब्या घेऊन आली. ह्यांची नोकरी रेल्वेतली, बदली होऊन जयपूरला आलेलो. मला हिंदी धड येत नव्हती, आणि मराठीतही मी कुणाशी फार बोलणारी नव्हते. दारात मराठी बोलणारी बाई बघून मला हायसं झालं. पण तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि ती सरळ शेगडीमागे वाकली.

"हा पाइप कधीचा हाय व?"

"शेगडी जुनी घेतली, तिच्याबरोबरच आला."

"बदल. आजच बदल. नवऱ्याले सांग, समोरच्या देवकानं सांगतलं म्हणून. अन् तोवर शेगडी नको पेटवू."

त्या दुपारी आम्ही ताक आणि मुरमुरे खाल्ले. संध्याकाळी हे नवी नळी घेऊन आले. ती बसवून झाल्यावर आत्या पुन्हा आली, तिने वास घेतला, आणि मग कुठे विचारलं, "नाव काय व तुहं?"

ती मूळची मूर्तिजापूरकडची. एवढी वर्षं जयपुरात काढूनही तिची वऱ्हाडी भाषा जशीच्या तशी होती. तिचे यजमान रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर गावी न जाता त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत होज पाइपचं दुकान टाकलं. मग कावीळ होऊन ते गेले. दुकान मुलाने, अरुणने, चालू ठेवलं. अरुण इथलाच वाढलेला, मराठी बोलताना अधूनमधून अडायचा आणि हिंदीचा हात धरून पुढे जायचा.

त्या दुकानात काय चालतं हे मला आत्यानेच समजावलं. लोडर, क्रेन, ट्रॅक्टरची उचलणारी ट्रॉली, या सगळ्यांना बळ येतं ते तेलाच्या दाबाने. ते तेल जाड काळ्या रबरी पाइपातून धावतं. पाइपाच्या टोकाला लोखंडी तोंड बसवायचं, वरून लोखंडी टोपी घालायची, आणि ती टोपी यंत्रात घालून इतकी आवळायची की कितीही जोर आला तरी तोंड निसटू नये. या यंत्राला स्वेजिंग मशीन म्हणतात. "एवढंच काम हाय," ती म्हणायची. "पण तोंड निसटलं, का वर उचललेलं सगळं खाली येते."

म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती एकच प्रश्न विचारायची. अरुण पाइपाचं माप घेत असायचा, आणि आतल्या दारातून हिचा आवाज यायचा, "इसके नीचे कौन रहता है?"

एकदा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नीचे तो जमीन रहती है, माजी."

"और जमीन पर?"

तो म्हणाला, "मेरा भतीजा रहता है."

"तो भतीजे के नाप का बनाएँगे," ती म्हणाली. अरुणने कपाळाला हात लावला. पण तो ट्रॅक्टरवाला पुढे दरवेळी तिथेच यायचा.

तिने कधी अपघात पाहिला होता, घरातलं कुणी त्यात गेलं होतं, म्हणून ती अशी झाली, असं काहीही नव्हतं. मी एकदा भीत भीत विचारलंही. ती म्हणाली, "नाई व. मले लहानपणापासूनच आसं होते. आमची माय विहिरीवर गेली का मी दोर पाहत बसो." काळजी हाच तिचा स्वभाव होता. सगळ्यांना त्याचा त्रास व्हायचा, सगळ्यांत जास्त तिला स्वतःला. जेवताना मध्येच घास थांबायचा आणि ती म्हणायची, "त्या क्रेनवाल्याचं मोठं तोंड नीट बसलं होतं ना रे?" अरुण म्हणायचा, "आई, खाना तर नीट खा."

आणि तिची ती बांगडी. पाइप तयार झाला की लोखंडी टोपी जिथे संपते आणि रबर सुरू होतं, तिथे टोपीला अगदी चिकटून ती पांढऱ्या ऑइलपेंटचं एक कडं काढायची. आगकाडीला कापूस गुंडाळून. पाइप टोपीतून जरा जरी बाहेर सरकला, तर टोपी आणि ते पांढरं कडं यांच्यामध्ये काळी रेघ दिसू लागते. पाइप निसटायच्या आधी सांगून निसटतो, ती म्हणायची, फक्त बघणारा पाहिजे. यजमान असताना त्यांनीच हे सुरू केलं होतं, पण ते कधी काढायचे, कधी विसरायचे. आत्या कधी विसरली नाही. पुढे पुढे तिचा हात थरथरायला लागला, तेव्हा ती मला हाक मारायची, "सुमन, जरा बांगडी भरून दे व." मी रांगोळी बरी काढते, म्हणून. दुपारची कामं उरकून मी दुकानाच्या मागच्या दाराशी बसून पाइपांना बांगड्या भरायचे. गिऱ्हाईक आलं की आत पळायचे.

त्यांचं जुनं मशीन झिजलं, तेव्हा तिच्या काळजीला खरं कारण मिळालं. टोपी पूर्वीसारखी आवळली जाईना. नवीन मशीन घ्यायचं ठरलं, आणि एकदा घेतलं की पुन्हा कित्येक वर्षं दुसरं घेता येणार नव्हतं. कुठलं घ्यायचं?

दिल्लीचा एक माणूस दोन मशिनींची चित्रं घेऊन आला. एक मोठं, आडवं, मोटारीवर चालणारं. दुसरं लहान, हाताने पंप मारायचं. मला त्यातलं काही कळेना. आत्याने माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं.

"हे मोठं हाय ना, हे सोऱ्यासारखं. मागून ढकललं का निमुळत्या भोकातून टोपी पुढं जाते अन् जाता जाता आवळते. आपलं जुनंही तसंच होतं, पण हाताचं. अन् हे लहान म्हणजे मूठ. आठ बोटं. पाइप मधात ठेवायचा, ढकलायचा नाई, चहूकडून आठही बोटं एकदम मिटतात."

"मग कुठलं चांगलं?"

"तेच तर कळत नाई ना माय!"

दिल्लीवाल्याला तिने स्थळ बघायला आल्यासारखं बसवलं. पोहे केले. मग सुरुवात. मशीन कुठलं, घरचं कोण, म्हणजे बनवणारा कोण. खायला किती लागतं, म्हणजे तेल आणि वीज. वीज गेली तर काय करतं. आजारी पडलं तर कोण येतं, किती दिवसांनी येतं. आणि याआधी कुणाकडे दिलंय, त्यांच्याकडे सुखात आहे का.

"माताजी," तो घाम पुसत म्हणाला, "आप मशीन ले रही हैं या बहू?"

"बहू तो बोल के बता देती है," आत्या म्हणाली. "ये बोलेगी नहीं. इसलिए अभी पूछ रही हूँ."

अरुणचं मन मोठ्यावर बसलं होतं. त्यालाही कारण होतं. एका नव्या कारखान्याला एकाच मापाचे, सरळ तोंडाचे पुष्कळ पाइप लागणार होते. मोठ्या मशिनीवर ते भराभर झाले असते. लहान मशिनीवर एकेक करत बसायचं. "आई, मतलब जिंदगीभर टूटा पाइप जोडत बसायचं का?" तो म्हणाला. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आत्याने त्यावर वेगळंच केलं. तुटून आलेले जुने पाइप ती भंगारात देत नसे, मागच्या खोलीत टांगून ठेवायची. तिने मला हाताशी घेतलं आणि ते सगळे गच्चीवर नेले. पापड वाळत घालावे तसे ते आम्ही जुन्या चादरींवर मांडले. एका चादरीवर सरळ तोंडाचे, दुसरीवर कोपरासारख्या वाकड्या तोंडाचे. दुपारपर्यंत वाकड्यांची चादर भरून वाहिली, आणि सरळ तोंडाच्या चादरीवर मांजर येऊन झोपलं, एवढी जागा उरली.

गोष्ट अशी होती की सोऱ्यातून ढकलायचं तर तोंड सरळ पाहिजे. वाकड्या तोंडाला मागून नीट दाबता येत नाही; जुन्या हाताच्या मशिनीवर ते जपून, हळूहळू जमवत आले होते, मोटारीच्या जोराला ते जपणं कुठलं? मुठीला मात्र तोंड सरळ की वाकडं, काही फरक पडत नाही.

अरुण वर आला, त्याने दोन्ही चादरी पाहिल्या. तो रागावला नाही. म्हणाला, "आई, तू मागचं बघते. मी पुढचं बघतो. पुढे सरळच काम येणार आहे." आत्या चादरीच्या काठावर बसली. मला म्हणाली, "पोट्टं खरं बोलते. पण वाकडे यायचे थोडेच राह्यतील? अन् आले तर हा नाई म्हणीन का?"

दिल्लीवाल्याने मोठं मशीन काही दिवस वापरून बघायला म्हणून दुकानात आणून ठेवलं. हिरवा रंग, चकचकीत. गल्लीतली माणसं बघायला आली. अरुणने त्यावर सरळ तोंडाचे पाइप केले आणि ते खरोखरच सुरेख झाले. आत्याने ते पुन्हा पुन्हा दाब देऊन तपासले. एकाचीही बांगडी हलली नाही. ती म्हणाली, "मशीन गुणाची हाय." आणि तरी रात्रीतून उठून ती मशिनीवर चादर घालून आली म्हणे, जणू तिला ऊन-वारा बाधणार होता.

उन्हाळा होता. आमच्या गच्चीवर मी कुरडया घालायच्या ठरवल्या आणि आत्याला बोलावलं, कारण मला एकटीला चीक शिजवायला जमत नव्हतं. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना माहीत आहे, चीक शिजायला लागला की मध्ये उठता येत नाही. हात थांबला की गाठी. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. आत्या सकाळपासून माझ्याकडे होती. मध्ये एकदा समोर दुकानापाशी जीप थांबल्याचा आवाज आला. तिने मान वर केली.

"कोण आलं व?"

मी गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं. "बस्सीचे चौधरी वाटतात. ते लोडरवाले."

ती उठायला लागली. मी म्हटलं, "आत्या, चीक!" ती बसली. दोन-दोन कुरडया घातल्या की पुन्हा मान वर. शेवटी जीप निघून गेली.

चीक संपल्यावर हात न धुताच ती खाली गेली. मी तिच्यामागे. दुकानाला कुलूप होतं. अरुण सिव्हिल लाइन्सला कारखान्याच्या मालकांच्या बंगल्यावर गेला, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. "चौधरीजी का पाइप बना के गए हैं. लोडर का. बहुत जल्दी थी उनको."

आत्याने कमरेची किल्ली काढून दुकान उघडलं. नव्या मशिनीपाशी रबराचा ताजा कीस पडला होता. मशिनीच्या मागच्या बाजूला लोखंडाचा एक ठोकळा होता, त्याला एका अंगाने खाच पाडलेली. तिने तो उचलला, फिरवून पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला.

"वाकडं तोंड ढकललं व यानं," ती म्हणाली. "ठोकळा लावून."

मग तिने पेंटची डबी उचलली. झाकण आदल्या दिवशीच्या वाळलेल्या पेंटने चिकटलेलं होतं, तसंच्या तसं. कुणी उघडलेलंच नव्हतं.

"बांगडीबी नाई."

चौधरींच्या साइटवर फोन नव्हता. अरुण कधी येईल ठाऊक नव्हतं. आत्याने डबी पिशवीत टाकली, काड्यांची पेटी टाकली, कापूस टाकला. माझ्याकडे पाहिलं. ती मला चल म्हणाली नाही. पण ती रस्त्यात मध्येच थांबून पिशवी तपासणारी बाई, एकटी बस्सीला कशी जाणार? मी चहावाल्याच्या बायकोला घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. आमच्या चार हातांना चीक वाळून पांढरा झाला होता.

आग्रा रोडच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सबंध वाटभर तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. कान दिला तर ती म्हणत होती, "खाली कोणी नसंल. कडेला असतील. लंचमधी असतील. कडेला असतील."

बस्सीच्या अलीकडे उतरून आम्ही उन्हात चालत गेलो. कुठल्याशा गोदामासाठी जमीन सपाट करायचं काम चाललं होतं. लोडरने वर उचललेलं लोखंडी सुपडं दगडमातीने भरलं होतं, आणि त्याच्या खालून, अगदी खालून, बायका घमेली घेऊन ये-जा करत होत्या. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेल्या. घमेलं धरायला हात वर गेला की सगळ्या बांगड्या एकदम खाली घसरायच्या. मला ओरडायचं होतं. आत्या ओरडली. एवढी बारीक बाई, पण इंजिनाच्या वरून तिचा आवाज गेला.

"हटो! नीचे से हटो सब!"

बायका दचकून थांबल्या. चौधरी खाटेवरून उठून आले. पागोटं, मिशा, आणि आवाजात लाड.

"अरे माजी! थे अठे?" तुम्ही इथे कशा, असं त्यांनी मारवाडीत विचारलं.

"लोडर रोको. पाइप देखना है."

"सुबह ही तो लगाया है. एकदम नया."

"नया है इसीलिए."

सुपडं खाली टेकवलं. आत्याने पाइप पुसला, आणि पिशवीतून डबी काढली. चौधरी हसायला लागले. "माजी, पेंट लगाने इतनी दूर आईं? मैं कल जीप भेज देता, दुकान पे लगा देतीं." बायकांमधली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "लोडर रो ब्याव छै के आज?" म्हणजे, आज लोडरचं लग्न आहे का? सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. तिने काडीला कापूस गुंडाळून ती माझ्या हातात दिली. मी सगळ्यांसमोर, मान खाली घालून, टोपीला चिकटून बांगडी भरली. एवढ्या लोकांत मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

"अब काम करो," आत्या म्हणाली. "पर नीचे कोई नहीं जाएगा. बाजू से जाएँगी."

"उसमें तो टाइम लगेगा, माजी."

"लगने दो. आप खड़े रहो फिर नीचे."

चौधरींनी मिशीवरून हात फिरवला आणि बायकांना बाजूने जायला सांगितलं.

आम्ही एका खेजडीच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसलो. लोडर सुपडं वर उचलायचा, खाली आणायचा. आत्याची नजर त्या पाइपावरून हलली नाही. कुणीतरी लोटाभर ताक आणून दिलं, ते तिने हातात धरूनच ठेवलं. मला आमच्या गच्चीवरच्या कुरडया आठवत होत्या आणि माकडं आठवत होती, आणि अशा वेळी कुरडया आठवतात याची लाजही वाटत होती.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा लोडर थांबवला. जवळ गेली. वाकली. मला बोलावलं.

"तुले दिसते का काही?"

मी पाहिलं. पांढरी बांगडी होती. तिच्या आणि टोपीच्या मध्ये, एका अंगाला, काळा धागा ठेवावा तशी रेघ होती. दुसऱ्या अंगाला नव्हती.

"दिसते," मी म्हटलं.

चौधरी वाकले, चष्मा लावून वाकले. "ये तो बाल बराबर है, माजी."

"पेंट लगाया तब बाल भी नहीं था."

त्यांनी लोडर बंद करायला सांगितला आणि पाइप सोडवून दिला. काम बुडणार म्हणून चेहरा पडला होता. तरी त्यांनीच जीपने आम्हाला बसपर्यंत सोडलं.

परतीच्या बसमध्ये पाइप तिच्या मांडीवर होता. फडक्यातून तेल गळत होतं, कंडक्टर कुरकुरत होता. मला वाटलं आता तिला बरं वाटत असेल. पण ती आणखीच घाबरली होती.

"सुमन, धागाच होता ना? मी उगीच तर नाई ना उतरवला? रंग ओला असताना हालला असंल तं?"

"नाही आत्या. मी नीट भरली होती."

"पोराचं नवं मशीन. चार लोकांत मी त्याचं काम सोडवून आणलं. आता हा पाइप निसटला नाई, तं तो मले काय म्हणीन? अन् निसटला, तं त्याले काय वाटीन?"

दोन्हीकडून भीतीच. मी तिच्या मांडीवरचं पाइपाचं एक टोक माझ्या मांडीवर घेतलं.

अरुण दुकानात होता. त्याने आईला पाहिलं, पाइप पाहिला, आणि तो लाल झाला. "आई, तू बस्सीला गेली? चौधरी काय म्हणतील? मतलब, माझ्यावर इतना भी भरोसा नाही?"

आत्याने पाइप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो तपासायच्या पंपाला जोडला, वर गोणपाटं टाकली, आम्हाला भिंतीआड उभं केलं. हे भिंतीआड उभं राहणं तिनेच लावलेलं होतं. त्याने दाब चढवला. पाइप ताठ झाला. काही झालं नाही.

"बघ. निकला क्या?"

आत्याने मान हलवली. नाही. मला वाटलं, झालं, आता ही हरली. तिचा चेहराही तसाच होता, सुटल्यासारखा आणि बुडाल्यासारखा. ती आत जायला वळली.

पण अरुणने दाब उतरवला आणि, कोण जाणे का, पुन्हा चढवला. पुन्हा उतरवला. पुन्हा चढवला. लोडर दिवसभर करतो तसं. नुसता पंपाच्या दांड्याचा आवाज. मग त्याने गोणपाट बाजूला केलं आणि उजेडाला धरून पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्या एका अंगाला आता धागा नव्हता. आगकाडी मावेल एवढी काळी फट होती.

मग त्याने विचारलं, "नीचे कौन था, आई?"

"बायका होत्या," आत्या म्हणाली.

त्याने पंपाच्या दांड्यावर डोकं टेकवलं. आत्या त्याच्यापाशी गेली, चीक आणि तेल लागलेला हात त्याच्या केसांवर ठेवला. "मशीन वाईट नाई रे," ती म्हणाली. "सरळ कामाची हाय. आपल्या घरी सगळं वाकडंच येते, त्याले ती काय करीन?"

दिल्लीवाला येऊन मोठं मशीन घेऊन गेला. काही दिवसांनी लहान आलं, आठ जबड्यांचं, हाताने पंप मारायचं. त्यावर अरुणने पहिलं काम केलं ते चौधरींच्या पाइपाचं, आणि तो स्वतः बस्सीला जाऊन लावून आला. बांगडी त्याने स्वतः भरली होती. जरा वेडीवाकडी होती. कारखान्याचं काम तेव्हा हातचं गेलं. आत्याला त्याचं वाईट वाटत राहिलं, आणि तिची काळजी कमी झाली म्हणावं तर तेही नाही. "पयले एक भोक होतं तं एक काळजी होती," ती म्हणायची. "आता आठ बोटं, आठ काळज्या."

कुरडया माकडांनी नेल्या होत्या. ती बातमी मी तिला आठवडाभर सांगितली नाही. कळली तेव्हा ती माझ्यावर फार रागावली, आणि पुढच्या वर्षी गच्चीवर काठी घेऊन स्वतः बसली.

मग आमची बदली झाली. सामान बांधलं, सिलिंडर परत दिला. आत्याने शेगडीची नळी काढून स्वतः कापून टाकली, जुनी नळी नव्या गावी न्यायची नाही म्हणून. "तिथं गेल्यावर पयले नवी घे," तिने मला बजावलं. "अन् बांगडी भर." मी आजही भरते. आमची सून हसते. पुढे अरुणच्या लग्नाच्या पत्रिकेसोबत चार ओळी आल्या होत्या. त्याने दुसरी जागा घेऊन तिथे मोठं मशीनही बसवलं होतं, सरळ कामासाठी.

पण आत्याला मी शेवटचं पाहिलं ते स्टेशनवर. ती आणि अरुण आम्हाला पोचवायला आले होते. मी खिडकीशी बसले होते, रडू आवरत होते. अरुण ह्यांच्याशी बोलत होता. आत्या कुठे दिसेना. गाडी सुटायची वेळ झाली, तरी ती नाही. मी खिडकीच्या गजांना गाल लावून लांबवर पाहिलं.

ती आमच्या डब्याच्या टोकाशी होती. फलाटाच्या कडेला गुडघे टेकून, दोन डब्यांच्या मधल्या फटीत वाकून, ती तिथे लोंबणारा ब्रेकचा रबरी पाइप बघत होती. एक हमाल तिला ओरडत होता, "माताजी, पीछे हटो!" ती हटत नव्हती. शिट्टी झाली. अरुण धावत गेला आणि त्याने तिला दंडाला धरून मागे घेतलं.

गाडी हलली. माझी खिडकी तिच्यासमोरून गेली. तिने हात हलवला नाही, पदर डोळ्यांना लावला नाही. माझ्याकडे बघून तिने फक्त मान डोलावली, आम्ही पाइप तपासून झाल्यावर एकमेकींकडे बघून डोलवायचो तशी. पाइप चांगला आहे. जा.